महाराजांचं घर पडलेलं का आहे? – मुलांसाठीची इतिहासाची चित्रपुस्तकं

निरगुडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लेक सहा वर्षांचा आहे, पहिलीत. झोपायच्या आधी एक पुस्तक वाचायचंच, असा आमचा नेम आहे. परवा रायगडावरचं एक चित्रपुस्तक हातात होतं. राज्याभिषेकाचं पान आलं. सिंहासनावर महाराज, समोर मानकरी, तोरणं, नगारे. लेकाने महाराजांकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या भिंतीवर बोट ठेवून विचारलं, "आई, महाराजांचं घर पडलेलं का आहे?"

मी नीट पाहिलं आणि गप्पच झाले. चित्रकाराने आजचा रायगड काढला होता. बिनछपराची जोती, कमरेएवढ्या भिंती, दगडांच्या फटींतून उगवलेलं गवत. त्या पडझडीच्या मधोमध जरीचे अंगरखे घातलेली माणसं उभी. मी हे पुस्तक आधी दोनदा वाचून दाखवलं होतं, तरी माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी अक्षरं वाचत होते, तो चित्र वाचत होता.

मग त्याला सांगितलं, की १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला, आग लागली, वाडे जळाले. महाराजांच्या वेळी लाकडी खांब होते, डोक्यावर छप्पर होतं, सगळं शाबूत होतं. तो म्हणाला, "मग तसं काढायचं ना."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. लहान मुलाच्या दृष्टीने चित्रात जे आहे तेच घडलेलं असतं. मजकुरातली चूक पुढे शाळेत दुरुस्त होईल, चित्रातली चूक तशीच डोळ्यात राहते. म्हणून इथे विचारतेय. इतिहासाचं चित्रपुस्तक घेताना तुम्ही काय बघता? तुमच्या मुलांच्या मनात कुठलं पान घर करून बसलं? आणि चित्रं काढणारं कुणी इथे असेल, तर तुमची बाजूही ऐकायची आहे.

रेघोट्या

मी चित्रं काढणारी. बारा वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी काम करतेय, तेव्हा उत्तर द्यायला हवं.

पडक्या भिंती कशा येतात ते सांगते. काम हातात येतं तेव्हा संदर्भ म्हणून गडाचे फोटो मिळतात, आणि फोटोत आजचा गड असतो. वरचं लाकूडकाम, छपरं, पडदे, रंग यांचा फोटो असणार कुठून? ते जुन्या नोंदी वाचून, उभे असलेले वाडे बघून, जाणकारांना विचारून मनात बांधावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि चोवीस-बत्तीस पानांच्या पुस्तकासाठी तो वेळ सहसा कुणी देत नाही. कारण सांगितलं, समर्थन करत नाहीये.

माझ्या हातूनही चूक झाली आहे. शिवकाळातल्या एका गोष्टीत गडाच्या पायथ्याला मी मोठा गुलमोहर काढला होता. उन्हाळा दाखवायचा होता, लालभडक झाड पानावर शोभून दिसत होतं. पुस्तक छापून आल्यावर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. महाराजांनी तो कधी पाहिलाच नाही. मला इतकं वाईट वाटलं, की त्यानंतर प्रत्येक पानावरचं प्रत्येक झाड मी तपासून घ्यायला लागले.

गडाच्या वाटेवर आज रान माजवून राहिलेली घाणेरी अमेरिकेतून आलेली, इंग्रजांच्या काळात, बागेतली शोभा म्हणून. बोगनवेल परदेशी. निलगिरी तर ऑस्ट्रेलियाची. आपला उन्हाळा लाल करायला पळस आहे, पांगारा आहे, काटेसावर आहे. एवढी देखणी झाडं असताना गुलमोहर कशाला?

ताटाचंही तेच. मावळ्याच्या भाकरीशेजारी टोमॅटोची फोड मी एका पुस्तकात पाहिली आहे. टोमॅटो आपल्या स्वयंपाकात रुळला इंग्रजी अमदानीत. जिजाऊंच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडीही अशीच. आणि पेशवाईतल्या पगड्या शंभर वर्षं आधीच्या डोक्यांवर चढवलेल्या तर कितीतरी.

मांडवी_काठ

रेघोट्या ताई, अगदी पटलं. फक्त एक भर घालतो, नाहीतर कुणी उलट टोकाला जाऊन बाहेरचं सगळंच पुसून टाकेल. काजू, अननस आणि मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकातच आमच्या किनाऱ्यावर उतरले. म्हणजे १६७४ सालच्या कोकणातल्या चित्रात काजूचं झाड खुशाल असू द्या. झाड परदेशी आहे का, हे विचारू नका. तोपर्यंत इथे पोचलं होतं का, हे विचारा.

आबा_सोलापूर

निरगुडी, तुमच्या मुलाची नजर चांगली आहे, त्याला आशीर्वाद. पण सगळ्यांना नम्रपणे एक सांगतो. झाडं आणि भाज्या मोजत बसलात तर इतिहास बाजूलाच राहील. आम्ही लहानपणी चित्रं पाहिली ती छाती फुगवणारी. अफजलखानाची भेट, पावनखिंड, कोंढाण्याचा कडा. १९६७ साली अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्या कुंचल्यातून उतरलेली माणसं माझ्या थोरल्या मुलाला पाठ होती. त्यात कुठलं झाड होतं ते त्याला आज आठवणार नाही, पण तानाजी आठवतो. मुलांना आधी अभिमान वाटू द्या. बारकावे काय, पुढे कळतात.

जुनी_वही

आबा, तुमच्या पिढीने ती पुस्तकं घरोघरी नेली, म्हणून आमच्यासारख्या ग्रंथपालांना पुढे वाचक मिळाले, हे मी विसरत नाही. तीस वर्षं बालविभाग सांभाळला. त्या अंकांच्या कडा झिजून गोल व्हायच्या, इतके हाताळले जायचे.

पण चुकीचं चित्र किती खोल रुजतं, याचं महाराजांचंच उदाहरण आहे. एके काळी आपल्याकडे शिवाजी महाराज म्हणून जे चित्र छापलं जाई, ते मुळात त्यांचं नव्हतंच. इब्राहिम खान नावाच्या कुणा भलत्याच माणसाचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून महाराजांचं अस्सल चित्र शोधलं आणि ते १९३३ साली लोकांपुढे आलं. आज आपल्याला ओळखीचं असलेलं ते धारदार नाक, ती दाढी, तो शिरपेच, ही ओळख तेव्हापासूनची. तोवर लोकांनी दुसऱ्याच माणसाला हात जोडले. भक्ती खरी होती, चित्र खोटं होतं. बेंद्रे यांना ते खुपलं, म्हणून ते शोधत राहिले. खरेपणाचा असा ध्यास हासुद्धा अभिमानच, असं मला वाटतं.

आणि बारकाव्यांनी शौर्य कमी होतं हे मला पटत नाही. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता, ६ जून १६७४ च्या सोहळ्याला तो हजर होता. त्याने पाहिलेलं लिहून ठेवलंय. सिंहासनाच्या बाजूंना सोनेरी भाल्यांवर काय काय होतं? एकीकडे मोठमोठ्या दातांच्या माशांची सोन्याची तोंडं, दुसरीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका उंच भाल्याच्या टोकावर न्यायाची खूण म्हणून सोन्याचा तराजू. दरवाज्याशी दोन लहान हत्ती आणि सोन्याचा साज चढवलेले घोडे. एवढ्या अवघड वाटेने हत्ती वर आणले कसे, याचंच त्याला नवल वाटलं.

आता सांगा, सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा काय हवं? दात विचकणारे सोन्याचे मासे, भाल्यावर तराजू, डोंगरावर हत्ती! हे सगळं लिहिलेलं उपलब्ध असताना चित्रकार दरबारात नुसते लाल पडदे आणि रिकामे खांब का काढतात, मला कळत नाही.

निरगुडी

जुनी_वही काकू, तुमचा प्रतिसाद मी लेकाला वाचून दाखवला. माशांची तोंडं ऐकून उठून बसला. "डोंगरावर मासे कसे?" असं विचारतोय. मलाही सांगता आलं नाही. काय सांगू?

जुनी_वही

त्याला सांगा, मुसलमानी दरबारांमध्ये आणि मोगलांकडे मासा आणि शेपटी ही मोठ्या मानाची चिन्हं होती. महाराजांनी ती आपल्या सिंहासनाशी लावली, म्हणजे बघणाऱ्या प्रत्येक वकिलाला समजलं, की हा राजा कुणाचा मांडलिक नाही. मासा म्हणजे सत्तेचं निशाण. आबा, हाच तुमचा अभिमान. एका माशात मावलेला.

त्याच भेटीतली अजून एक हकीकत देते. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने ती आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. गडावर इंग्रजांना रोज मिळायची खिचडी. डाळ-तांदूळ एकत्र शिजवलेले आणि भरपूर लोणी. चार दिवसांत ते कंटाळले आणि मांस मागायला लागले. त्यांना रोज बोकडाचं मटण मिळायची सोय झाली. ते पुरवणारा खाटीक म्हातारा होता. वर्षानुवर्षांत झाली नव्हती एवढी विक्री त्याची त्या थोड्या दिवसांत झाली. एवढं मटण खाणारी ही माणसं आहेत तरी कोण, ते बघायला तो त्या वयात गड चढून वर आला.

मला ही हकीकत फार प्रिय आहे. राज्याभिषेकाच्या गोष्टीत राजे, पुरोहित, वकील सगळे येतात. पण गुडघ्यांवर हात ठेवत गड चढणारा हा म्हातारा कुणी काढत नाही. खरं तर तोच मुलाला हात धरून वर घेऊन जाईल.

दूरदेशी

न्यू जर्सीतून लिहितेय. आमच्या मराठी शाळेत मी लहान गटाला शिकवते. इथल्या मुलांना मराठी समजतं, पण वाचताना अडखळतात, त्यामुळे चित्रावर माझी सगळी भिस्त.

इथल्या ग्रंथालयात डेव्हिड मॅकॉलेचं 'कॅथिड्रल' हातात आलं, १९७३ चं. रंग नाहीत, नुसती काळ्या शाईची रेघ. फ्रान्समधल्या एका कल्पित गावात १२५२ साली चर्च बांधायला घेतात आणि ते पुरं होतं शहाऐंशी वर्षांनी. कुणी राजा नाही, लढाई नाही. दगड कुठून आणले, पाया किती खोल, लाकडी चाकाने ओझी वर कशी चढवली, कमानी जुळेपर्यंत खाली लाकडी साचा कसा ठेवला, एवढंच. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ते तीन वेळा आणलं. तिने विचारलं, "म्हणजे ज्यांनी पाया घातला, त्यांनी वरचा भाग पाहिलाच नाही?" शहाऐंशी वर्षं म्हणजे काय, ते तिला आकड्यातून कळलं नव्हतं. चित्रातली माणसं म्हातारी होऊन नाहीशी झाली, तेव्हा कळलं.

असं पुस्तक आपल्या गडांवर का नाही? रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरून ठेवलंय, "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी…". एवढा गड उभा करून माणूस नाव कुठे ठेवतो, तर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागतील अशा पायरीवर. त्या पायरीपासून पुस्तक सुरू करा आणि मागे मागे जा. टाकं खोदताना निघालेला दगड, चुन्याची घाणी, सुतार, लोहार, पाणी वाहणाऱ्या बाया. माझ्या वर्गातली मुलं असं पुस्तक फाटेपर्यंत वाचतील.

आबा_सोलापूर

दूरदेशी, हिरोजींची पायरी मी स्वतः पाहिली आहे. तिथे वाकून हात लावला होता. तुमच्या या पुस्तकाला माझा विरोध असूच शकत नाही. आणि जुनी_वही बाई, खाटकाची हकीकत मला माहीत नव्हती. सत्तरी उलटल्यावर कळली. नातवाला सांगितली, फार हसला, मग म्हणाला, "आबा, तुम्हीपण असेच चढता." माझं म्हणणं अगदी सोडत नाही, पण हे पटलं.

तळकोकण

एक गोष्ट इथे यायला हवी. चित्र दाखवत गोष्ट सांगणं आपण बाहेरून शिकलेलो नाही. आमच्या कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आली आहेत. एका कथेच्या चित्रांची चळत असते, तिला पोथीच म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गातो. कथा रामायण-महाभारतातल्या. सावंतवाडीच्या दरबाराचा या कलेला आश्रय होता. ही कला टिकवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

मी लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून एक प्रयोग पाहिलाय. लक्षात राहिलं ते एवढंच, की सांगणारा चित्र घाईने बदलायचा नाही. गाणं एका ठिकाणी घुटमळायचं आणि आपण त्या एका चित्रात शिरायचो. रावणाच्या रथाची चाकं, घोड्याचा डोळा. आता मी मुलीला वाचून दाखवताना मुद्दाम थांबते. मजकूर संपला तरी पान उलटत नाही. तिचं बोट फिरून झालं की मगच पुढे.

इतिहासाच्या पुस्तकांत मला खटकतं ते हेच. पानापानावर सनावळी आणि प्रसंग कोंबलेले. एका आयुष्यातले चाळीस प्रसंग बत्तीस पानांत. मूल थांबणार कुठे?

संत्रानगरी

तळकोकण ताईंचा एकाच चित्रात शिरण्याचा मुद्दा मला फार जवळचा वाटला, म्हणून लिहितोय.

माझी मुलगी सात वर्षांची. बाबासाहेबांचा जन्म, शिक्षण, संविधान, दीक्षा, हे सगळं एका पातळ पुस्तकात असलेलं तिला वाचून दाखवलं. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो रोजच्या बघण्यातला, त्यामुळे तिने आदराने ऐकलं आणि ठेवून दिलं. काही विचारलं नाही.

मग मी तिला एकच दिवस सांगितला. १९०१ सालचा. भीम जेमतेम दहा वर्षांचा. वडील नोकरीनिमित्त बाहेरगावी. त्यांनी सुट्टीत मुलांना बोलावलं. पोरं हरखली. नवे सदरे, चमचमत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट. आगगाडीत बसून मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कुणीच आलं नाही. कपडे बघून स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला. जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूने चालणार या अटीवर. डब्यात जेवण होतं, पाणी नव्हतं. रात्री नाकेदाराच्या झोपडीशी पाणी मागितलं, मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलंय.

मुलगी खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याच्याकडे पाणी होतं ना? मग?"

तो "मग?" मला कुठल्याही पुस्तकातून मिळाला नव्हता.

'भीमायन' बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. नवयान प्रकाशनाचं, २०११ चं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी हीच हकीकत त्यात काढली आहे. त्यांनी पानावर चौकोन पाडले नाहीत. घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर रेखतात त्या दिग्ना नक्षीने पान वाहतं ठेवलं. आणि बोलणं कसं दाखवलं बघा. प्रेमाचे, साध्या माणसांचे शब्द पक्ष्याच्या आकारात. विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. अजून वाचता न येणारं मूलही बघून सांगतं, की हा माणूस डंख मारतोय. ते मोठ्या मुलांसाठीचं आहे, माझी मुलगी अजून मजकुरापर्यंत पोचलेली नाही. पण विंचू तिने बरोबर ओळखला.

गोधडी

संत्रानगरी, तुम्ही मनापासून लिहिलंय. पण सात वर्षांच्या मुलीला हे सांगावं का, याबद्दल मला काळजी वाटते. माझा मुलगा हळवा आहे. त्याला असं काही सांगितलं तर रात्री झोपणार नाही. थोडं मोठं होऊ द्यावं, असं नाही वाटत?

संत्रानगरी

गोधडी ताई, तुमची काळजी कळते. मीही थांबलो होतो. मग मनात आलं, ज्याच्यावर हे गुदरलं तो स्वतःच दहा वर्षांचा होता. आणि आजही काही घरांतल्या मुलांना हे पुस्तकातून कळत नाही, शाळेच्या वाटेवर कळतं. त्यांना "थोडं मोठं होऊ दे" म्हणायला कुणी थांबत नाही.

सांगताना मी जपलं एवढंच, की गोष्ट तहानेपाशी सोडली नाही. सकाळ होते, पोरं वडिलांपर्यंत पोचतात, वडील दारात. आणि हाच भीम १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांना घेऊन जातो आणि ओंजळीने पाणी पितो. तहानेचं पान आणि ओंजळीचं पान समोरासमोर हवं. असं पुस्तक कुणी केलं तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

गोधडी

ओंजळीचं पान समोर असेल तर मीही सांगेन. धन्यवाद.

तुमचं वाचताना मुक्ता साळवे आठवली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. शाळकरी मुलीचं लिहिलेलं छापील स्वरूपात आपल्याकडे आहे, केवढी मोठी गोष्ट! सावित्रीबाईंच्या पुस्तकांत शेण-चिखल फेकणारी माणसं पानभर असतात. पाठमोऱ्या बसलेल्या मुलींच्या रांगेत एकीचा चेहरा वळवा आणि तिच्या हातात टाक द्या, एवढंच माझं मागणं आहे.

बालाघाट

जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, बीडकडचा. आमच्याकडे दुकानात अशी पुस्तकं मिळत नाहीत, म्हणून पोरांनीच केली. सांगतो.

तिसरी-चौथीच्या पोरांना म्हटलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला १९७२ च्या दुष्काळाचं विचारून या आणि चित्र काढा. पहिल्या खेपेला सगळ्यांनी एकच काढलं. भेगाळलेली जमीन, वाळकं झाड, आभाळाकडे बघणारा माणूस. ते चित्र त्यांनी आजीकडून आणलेलं नव्हतंच, कुठल्यातरी कॅलेंडरातून डोक्यात बसलेलं. मी म्हटलं, हे घेऊन परत घरी जा आणि आजीला दाखवा. तिला विचारा, हे असंच होतं का?

दुसऱ्या दिवशी काय काय आलं! एका पोरीच्या आजीने सांगितलं, मी आभाळाकडं कुठं बघत होते, मी खडी फोडत होते. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, नाहीतर ठेचायची. दुसऱ्याच्या आजोबांनी सुकडी सांगितली, कामावर वाटायचे ती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी सांगितली, तिची भाकरी कशी व्हायची तेही सांगितलं. एकाच्या आजीने चित्रातलं झाडच खोडायला लावलं. म्हणाली, त्या माळाला झाड होतंच कुठं, सावलीला बैलगाडीखाली बसायचो.

मग पोरांनी पुन्हा काढलं. चिंध्या बांधलेली बोटं, गाडीखालची सावली, सुकडीची रांग. पाझर तलावाच्या भरावावर टोपली घेऊन चढणाऱ्या बाया. तो तलाव आजही गावात आहे, पोरं त्यात पोहतात. तो आपल्याच आज्यांनी बांधलाय, हे त्यांना तेव्हा कळलं.

सोळा पानांचं पुस्तक झालं, दोऱ्याने शिवलं. वाचता न येणाऱ्या आज्या शाळेत आल्या आणि एकेक पान लावून बघितलं. एकीने पोरीने काढलेल्या हातोडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दांडा एवढा लांब नव्हता गं." पोरीने तिथंच खोडून आखूड केला.

रेघोट्या

बालाघाट सर, तुमचा प्रतिसाद वाचून मी काम बाजूला ठेवलं. बारा वर्षांत माझ्या चित्राचा दांडा कुणी असा आखूड करून दिला नाही. शिवकाळ सांगणारी आजी मिळणार नाही, पण पुढचं पुस्तक त्या त्या विषयातल्या माणसाला कच्च्या रेघेतच दाखवायचं, हे ठरवलं. छापल्यावर पत्र येण्यापेक्षा ते बरं. सोळा पानांचे फोटो टाकाल का इथे? पोरांची परवानगी घेऊन.

बालाघाट

टाकतो. सोमवारी शाळेत विचारतो.

जुनी_वही

पुण्यातल्या पालकांसाठी एक सुचवते. राजा दिनकर केळकर संग्रहालयात मुलांना न्या, पण सगळं बघायचा हट्ट धरू नका. काका केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं हे संग्रहालय आहे आणि त्यात राजांच्या वस्तूंपेक्षा घरातल्या वस्तू जास्त. दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, भांडी, कोरीव दरवाजे. वीस हजारांवर वस्तू जमवल्या होत्या त्यांनी. एका खेपेला फक्त दिवे बघा. घरी येऊन पुस्तकातला रात्रीचा प्रसंग काढा आणि विचारा, इथे उजेड कुठून येतोय? तिथून पुढे मुलं प्रत्येक चित्रात दिवा शोधतात.

निरगुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवसांत या धाग्याने आमच्या झोपण्याच्या वेळेचं स्वरूपच बदललं.

काकू, रविवारी केळकर संग्रहालयात गेलो. तुम्ही म्हणालात तसे फक्त दिवे बघायचे ठरवलं होतं, पण अडकित्त्यांपाशी लेक अर्धा तास हलला नाही. घरी आल्यावर रायगडाचं ते जुनं पुस्तक काढलं, पडक्या भिंतींचं. त्या पानावर त्याने पांढरा कागद चिकटवला आणि स्वतः चित्र काढायला बसला. भिंती पूर्ण, वर छप्पर. भाल्यांवर माशांची तोंडं, दात महाराजांच्या तलवारीपेक्षा मोठे. दोन हत्ती. आणि खाली कोपऱ्यात गड चढणारा खाटीक.

तिथे त्याचं अडलं. हातात काय देऊ, पायात काय घालू, मागे काय काढू, असं विचारतोय. मी म्हटलं, थांब, एका ताईंना विचारूया. रेघोट्या, सांगाल का?

रेघोट्या

नक्की. हातात काठी द्या, म्हातारा आहे आणि वाट चढाची. डोक्याला मुंडासं, पायात जाड चामड्याच्या साध्या वहाणा. त्याला मधेच एका दगडावर टेकलेला दाखवलं तर फारच छान.

मागे गुलमोहर नको. जूनचा पहिला आठवडा आहे, पाऊस तोंडावर आलेला. समुद्राच्या बाजूने ढग भरून येताना काढायला सांगा.